हात खाली घ्यायचा नाही

रविवारी मुलं घरी गेली की ओली लाईफ जॅकेटं दोरीवर वाळत असतात आणि आम्ही शिकवणारे चहा पीत बसतो. किस्से जमतात ते तिथेच. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, काठच्या दगडावर शेवाळ धरावं तसे ते आपोआप धरतात. मुलांना होडी शिकवण्याचा पगार आम्हाला मिळत नाही, तेव्हा कमाई म्हणायची तर हीच!

आमचं धरण छोटंसं, खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी नेरळहून जातो. रेश्मा मॅडम शेलूच्या, शाळेत शिकवतात. आणि दामूकाका तिथल्याच गावचे, वर्ग सुरू केला तो त्यांनीच.

* * *

तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्या होड्या परत. समोरचा डोंगर त्या तिन्ही शिट्ट्या इमानदारीत परत करतो.

एकदा दाट धुक्यात रेश्मा मॅडमनी तीन वाजवल्या. डोंगराकडून दोनच आल्या. मुलं काठाला लागली, जॅकेटं निघाली, आणि मग तिसरी आली.

"डोंगराला दम लागला असेल," मॅडम म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी त्या नवी शिट्टी घेऊन आल्या.

* * *

एका सकाळी आमची एक होडी पलीकडच्या काठाला सापडली. आदल्या संध्याकाळी गाठ मी स्वतः मारली होती, त्यामुळे सगळ्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं.

जाऊन बघतो तर दोर नीट गुंडाळलेला, वल्ही आत आडवी, पाती पुढच्या टोकाकडे. आम्ही मुलांना शिकवतो अगदी तशी! आमची मुलं मात्र दहादा सांगूनही तशी ठेवत नाहीत.

काका म्हणाले, "चोर नाय रं. आपल्या वर्गाला बसणारा कोनीतरी हाय."

* * *

नेरळच्या नव्या कॉम्प्लेक्समधल्या एका मुलीच्या बाबांचा फोन आला. फी नाही म्हटल्यावर त्यांना संशय आला असावा. बरंच आडून-आडून विचारून झालं आणि शेवटी म्हणाले, तिथे भूत-बीत नाही ना?

"आहे की," रेश्मा मॅडम म्हणाल्या, "पण जॅकेट घातल्याशिवाय आम्ही त्यालाही होडीत घेत नाही!"

मुलगी पुढच्याच रविवारी आली. तीच ही सानिका, शेवटच्या किश्शातली.

* * *

त्याआधी बंडू. बंडू म्हणजे रिकाम्या बाटल्या आणि काथ्या भरलेला बाहुला. त्याला पाण्यात टाकायचं आणि मुलांनी वाचवायचं. त्याच्या अंगातला चौकडीचा शर्ट काकांनी घरून आणून दिला. कुणाचा, हे आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला माहीत होतं.

काकांचा धाकटा भाऊ याच पाण्यात गेला. काठावर चौघं होते. चौघंही मदत आणायला पळाले, आणि परत आल्यावर तो नेमका कुठे बुडाला हे एकालाही सांगता येईना. तो सापडलाच नाही. म्हणून आमचा पहिला धडा वल्ह्याचा नाही. माणूस पाण्यात पडला की एकाने त्याच्याकडे बोट दाखवून उभं राहायचं. नजर हलवायची नाही. तो होडीत येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

मुलं बंडूला मार्करने नाक-डोळे काढतात, हौसेने मिशीही. पाण्यातून वर आला की चेहरा कोरा! त्याच मार्करने त्याच्या जॅकेटवर घातलेला नंबर मात्र अजून शाबूत आहे.

"लाजाळू आहे तो," रेश्मा मॅडम म्हणतात.

* * *

सानिकाचा हात नेहमी खाली यायचा. दुखतो म्हणायची. त्यावरून मी तिला रागवायचो.

त्या दिवशी मुलं अजून जॅकेटं घालत होती आणि ही काठावर हात लांब करून ओरडली, "माणूस पाण्यात!" मला वाटलं, रेश्मा मॅडमनी बंडूला लवकर टाकला. मॅडमना वाटलं, मी टाकला. काका आणि मी होडी काढली.

पाणी सपाट. बरंच आत गेलो तरी काही दिसेना. मी म्हटलं, काका, फिरू या.

काकांनी मागे वळून पाहिलं. "तिचा हात वर हाय," म्हणाले, आणि वल्हं मारत राहिले.

पुढे ट्रकची फुटलेली ट्यूब दिसली. तिच्यावर बसून मासे धरणारा माणूस शेजारीच होता, जाळ्यात गुरफटलेला, फक्त नाक पाण्यावर. ओढून घेतला. काठावर आणल्यावर पोटातलं पाणी ओकला आणि पहिलं काय विचारलं, तर "त्याला काढलात का?"

कुणाला?

"मला खालून धरून होता तो. चौकडीचा शर्ट. तोंड नाय दिसलं."

जॅकेटं बाहेर काढून सामानाची खोली मी परत बंद केली होती, चावी माझ्या खिशात होती. त्याच्यासाठी चादर आणायला मी कुलूप काढलं. बंडू खुंटीवर होता, ठणठणीत कोरडा.

बाहेर आलो तर सानिकाचा हात अजून वरच. मी म्हटलं, बाळा, काढला ना त्याला, घे आता खाली.

"सर, एकालाच काढलंत," ती म्हणाली.

दामूकाका तिच्याजवळ गेले. तिचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी हळूच खाली घेतला.

"दमलीस गं तू. आता मी धरतो," म्हणाले, आणि तिच्या जागी उभं राहून त्यांनी आपला हात उचलला.