जुम्म्याआधीचा निकाल
रॉकेलचा वास आला की मला दुबईच्या खाडीकाठची आमची झावळ्यांची खोली आठवते. साठच्या दशकात तिथल्या रत्नागिरीकरांचे तंटे माझे मिस्टर सोडवायचे. ते निवडून आलेले पंच होते. दर दोन वर्षांनी एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्या अंगणात हात वर करून मतदान व्हायचं, आणि गट दोन होते. त्या खेपेला मतदानाच्या दोन दिवस आधी एक खलाशी रडत आला. गावी त्याची आई आजारी होती आणि त्याच्या जहाजाच्या नाखव्याने, म्हणजे कप्तानाने, त्याचा पासपोर्ट दाबून ठेवला होता. नाखवा तर आमच्याच गटाचा पुढारी! मी रॉकेलचा स्टोव्ह पेटवत होते. "अहो, निकाल शनिवारी द्या ना," मी म्हटलं. "गावाकडची लाँच उद्या सुटतेय," ते म्हणाले, "शनिवारी पासपोर्ट घेऊन तो काय करील?" त्यांनी त्याच दिवशी निकाल दिला आणि संध्याकाळी खलाशाला पासपोर्ट मिळाला. जुम्म्याला मी पडद्याआडून हात मोजले. आमच्या गटातले निम्मे वर झालेच नाहीत. मिस्टर निवडणूक हरले; घरात आले, पोटभर जेवले आणि शांत झोपले. मी मात्र कित्येक दिवस शेजारणींची नजर चुकवत होते. मिस्टरांनी माझं ऐकलं असतं तर मला तेव्हा किती बरं वाटलं असतं, याची आता लाज वाटते.