लव पुसलेला घड

मला चांगले फोटो काढता येतात, असा माझा समज आहे. तो अजूनही पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकला अंबडच्या कारखान्यात तपासणी खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली, अजूनही तिथंच आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची सवय हाडीमाशी खिळली आणि मोबाइल हातात आल्यावर ती लोकांच्या फोटोंकडे वळली. कुणाचं क्षितिज तिरकं, कुणी सूर्याकडे पाठ करून काळाठिक्कर, तर कुणी कॅमेऱ्याच्या काचेवरचा तेलकट ठसा न पुसताच फोटो काढतो. मी सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदय टाकला की चहा होईपर्यंत बदामांचा पाऊस पडतो. माणूस एवढ्यानंही चढतो.

म्हणून पिंपळगावजवळच्या खेड्यातून ताईचा फोन आला, "आरं, द्राक्षांचे चांगले फोटू काढून दे, व्यापाऱ्यांना पाठवायचेत," तेव्हा पुढच्याच रविवारी मी सकाळी सकाळी बाइक काढली.

भाऊजी जाऊन वर्ष होत आलं होतं. छाटणी, फवारणी, मजूर, सगळं ताईनं एकटीनं पाहिलं होतं. सौदा मात्र तिनं कधी केला नव्हता. व्यापाऱ्याशी बोलणं पुरुषांचं काम, असं गावात कुणी तोंडानं म्हणत नाही, फक्त वागतात तसं. तिच्या दिरांनी मोठ्या मायेनं सांगितलं होतं, "वहिनी, तुम्ही कुठं त्या लोकांच्या तोंडी लागता? माझ्या मालाबरोबर तुमचा पण देऊन टाकतो. आन् पुढच्या वर्षीपासून बाग माझ्याकडंच राहू द्या." माणूस वाईट नव्हता. पण एकदा बाग त्यांच्या हातात गेली की ताई जन्मभर बांधावर उभी राहून बघणार, हे तिलाही कळत होतं नि मलाही. तिनं त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले होते. तेवढ्यात स्वतः सौदा जमवला तर बाग तिची.

"माझ्याच फोनवरून पाठव. लोकांना माझा नंबर दिसू दे," म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ती दुसऱ्या टोकाला मजूर बायकांकडे गेली.

मांडवाखाली मी आणि घड एवढेच उरलो. घड मोठे, भरलेले होते, पण अंगावर पांढुरकी धूळ बसल्यासारखे मंद दिसत होते. फवारणीचे डाग असणार, असं मी ठरवून टाकलं. स्वच्छ रुमाल काढला आणि पाच-सहा घडांचा एकेक मणी पुसला. काय चमकले म्हणता! मग शेडमध्ये पाण्याची स्प्रेची बाटली सापडली, तीही मारली. मण्यामण्यावर थेंब आले, पानांतून तिरपं ऊन आलं. चाळीसेक फोटो काढले, सहा निवडले, हिरवा रंग जरा चढवला. फोटोचा कस जाऊ नये म्हणून ते डॉक्युमेंट करून ताईच्या यादीतल्या सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवले. शिवाय माझ्या फोनवर घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर. तिथे बदाम यायला लागले.

व्यापाऱ्यांकडून मात्र दुपारपर्यंत काहीच आलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे पाहिलं सगळ्यांनी. जेवताना पहिलं उत्तर आलं: "वहिनी, पाऊस लागला का बागेला?" दुसरं त्याच्यामागून: "मालाला हात फिरलाय. नको." मला रागच आला. फोटोतलं कळत नाही तर गप्प बसावं, असं मी भाकरी मोडता मोडता म्हणालो.

ताईनं फोन घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि घास हातातच राहिला.

"लव पुसली का तू?"

ती पांढुरकी धूळ म्हणजे लव. ती द्राक्षाची स्वतःचीच असते. ती शाबूत असली की माल ताजा, कुणी न हाताळलेला. तोडणारे लोकसुद्धा देठाला धरतात, मण्याला बोट लावत नाहीत. आणि पाणी? दोनच दिवसांपूर्वी लासलगावच्या बाजूला अवकाळी शिंतोडे पडले होते. पिकलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि माल वाटेतच सडतो. ताईच्या बागेवर एक थेंब पडला नव्हता. तो मी पाडला होता, आणि वर सगळ्यांना पाठवलाही होता.

संध्याकाळपर्यंत दिरांचा फोन आला. बाजारात बोलवा होता, ह्या बागेला पाऊस लागला म्हणून. "जाऊ द्या वहिनी, मी बघतो आता," ते म्हणाले. ताई "बरं" म्हणाली नाही आणि "नको"ही म्हणाली नाही. मला इतकी लाज वाटत होती की मी नाशिकला परतायचं सोडून तिथंच राहिलो आणि सकाळी कारखान्यात रजा कळवली.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर ताई स्वतः बागेत गेली. एका हातात घड, देठाला धरून. दुसऱ्या हाताचं बोट तिनं एकाच मण्यावरून फिरवलं. तेवढी एक हिरवीगार रेघ उमटली आणि बाकी घड लवेनं भरलेला. मग मला म्हणाली, "आता काढ. रंग चढवू नको." फोनच्या चौकटीत तिची धुळकट चप्पल येत होती. मी सवयीनं म्हणालो, जरा पाय मागं घे.

"राहू दे. खालची माती दिसू दे, कोरडी हाय ती."

फोटोखाली तिनं आवाज भरून पाठवला: "पाऊस नाय लागला. काल माझ्या भावानं घड पुसले आन् पाणी मारलं. तो नाशिकला राहतो. येऊन बघा." त्यावर एकानं हसण्याचे चार चेहरे पाठवले. तोच गुरुवारी आला.

मी पुन्हा रजा टाकून गेलो. दीरही येऊन बसले होते. व्यापारी सगळ्या ओळी फिरला, मणी फोडून पाहिले, रसाची साखर मोजली, वाकून माती चिमटीत धरली. मग हात झटकून तो दिरांकडे वळला, "बोला, काय धरायचं?"

"माझ्याशी बोला," ताई म्हणाली.

व्यापाऱ्यानं लगेच आवाज खाली आणला. "वहिनी, तुमच्याशी काय घासाघीस करायची? भाऊ होते तेव्हापासूनचे आमचे घरचे संबंध." आणि अगदी हळुवारपणे त्यानं पडता भाव सांगितला. ताई म्हणाली, "ह्या भावात पानं न्या." तो गाडीपर्यंत गेला. दीर मला खुणावत होते, त्याला परत बोलाव म्हणून. ताईनं हाक मारली नाही. तो परत आला, आणि मग दोघांची जी जुंपली! त्यानं मण्यांच्या आकारात खोट काढली, देठात काढली, मार्केटची रड सांगितली, कपाळावर हात मारला. तिनं एकेक घड उचलून त्याच्या नाकासमोर धरला. शेवटी तो ओरडला, "तुम्ही तर भाऊंपेक्षा चिवट निघालात!" आणि तिनं सांगितलेल्या दरानंच सौदा ठरला. दिरांनी मुकाट्यानं उठून क्रेट कुठं लावायचे ते तिलाच विचारलं.

गाडी गेल्यावर ताई बांधावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. मी जवळ गेलो, म्हणालो, झालं ना मनासारखं, आता रडतेस कशाला?

"रडत नाय रे," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "वर्ष झालं, जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलतोय. आज पहिल्यांदा कुणी माझ्यावर ओरडलं."