निळीचा स्वभाव

सिडकोतल्या आमच्या गल्लीत गोटीरामभाऊंच्या मोटारीला सगळे निळीच म्हणतात. गाडीचं वय पस्तिशीच्या पुढं. डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजतो. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, मग टाकी भरलेली असो की कोरडी. भाऊ याला बिघाड म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात.

दर रविवारी कुंदन आणि भिका हे त्यांचे जुन्या गाड्यांवाले दोस्त येतात. बॉनेट उघडून तिघं आत डोकी घालतात.

"नव्या गाडीत काय, सगळा कॉम्प्युटर! बिघाड कळतच नाही," कुंदन म्हणतो.

"हिचा रोज कळतो," चहा ठेवता ठेवता भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी म्हणतात.

मागच्या चैत्रात वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी गडावर देवीची ओटी भरायला जायचं. वाटेत एकदा जरी धक्का मारावा लागला, तरी सोमवारी भंगारवाला दारात." आणि वहिनी बोललेलं करतात. भाऊंचं तोंडच उतरलं.

निघालो. मागं शेजारधर्म म्हणून मी आणि ओटीचं सामान. दिंडोरीपासूनच निळी उचक्या देऊ लागली.

"देवी आठवण काढतेय," भाऊ म्हणाले.

नांदुरीचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर निळी बसली. मागच्या जीपमधली माणसं बाह्या सरसावून उतरली.

"हात लावू नका!" भाऊ ओरडले. बॉनेट उघडून त्यांनी कुंदनला फोन लावला. फोन वहिनींच्या हातात, स्पीकरवर.

"बंद पडली? शक्यच नाही, गोट्या! काल तू बाजारात गेलास, तेव्हा मी स्वतः कार्बोरेटरचा स्क्रू दोन आटे आवळलाय. पेट्रोल वाचेल म्हणून."

कुंदनच्या शेजारून भिका ओरडला, "तू आवळलास? अरे, घाटाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मी संध्याकाळी येऊन चांगला तीन आटे सैल केला!"

"आणि सकाळी मला आवाज वेगळा वाटला," भाऊ बॉनेटआडून पुटपुटले, "म्हणून मी पण जरासा..."

वहिनींनी फोन कट केला.

भाऊंनी स्क्रू पुन्हा नीट बसवला. चावी फिरवली, तशी निळी एका दमात सुरू झाली. पण भाऊंना गिअर टाकवेना.

"मग... सोमवारी?"

"तिचं काय चुकलं? तिघांनी मिळून पिळलंत बिचारीला. ती राहू दे. भंगारवाल्याला मी तुम्हा तिघांचा भाव विचारते. आणि तो स्क्रू ड्रायव्हर इकडं द्या."

तो तेव्हापासून वहिनींच्या पर्समध्ये आहे. आता रविवारी बॉनेट उघडायचं म्हटलं की तिघं स्वयंपाकघराच्या दारात ओळीनं उभे राहतात.

"वहिनी, जरा स्क्रू ड्रायव्हर..."

"आधी दळण आणा."