निम्म्यातली निम्मी भाकरी

माझं खरं कुणी मानलंच नाही. तासगावच्या आमच्या शेडात बायका हातानं बेदाणा निवडतात आणि तोंडानं एकमेकींना. असले किस्से क्रेटसारखे थप्पीनं साठलेत.

*

शेजारी सुशी बसते. तिचा शोध असा, की माझ्या डब्यात कारलं असलं की लाईट जाते.

"आक्का, कारलं आणू नको गं."

"व्हय, वायरमन खांबावर चढून माझ्या डब्याचा वास घेतोय."

दुसऱ्या दिवशी मेथी आणली. तरी लाईट गेली. सुशी म्हणाली, "डबा नीट घासला नसशील."

*

मॅनेजर म्हणजे मालकांचे जावईबापू. कॉलेजात गणित शिकलेले. एकदा लाईट गेली आणि जनरेटरही सुरू होईना, तेव्हा आम्हाला गोळा करून म्हणाले, "लाईट निम्मे दिवस जाते. जनरेटर निम्मे दिवस रुसतो. दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता किती?"

"निम्मं आन निम्मं, पुरं," सुशी म्हणाली.

"मग रोज अंधार असता." त्यांनी माझी भाकरी उचलली, निम्मी मोडली, निम्म्याची परत निम्मी केली. "निम्म्यातलं निम्मं. चतकोर. फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध नसला पाहिजे."

शिकवणी संपली. चतकोर त्यांनी खाल्ली, वर ठेचा मागितला.

*

उन्हाळ्यात ऑफिसात एसी आला आणि लाईट न् जनरेटर रोज दुपारी एकदमच बसायला लागले. जावईबापूंनी एकेका दिवसामागं चतकोरातलं चतकोर, त्यातलं चतकोर करत भाकरीचा पार चुरा केला आणि निकाल दिला, "हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय. जनरेटरजवळ कोण बसतं?"

मी बसते.

"आवं, काम थांबलं की माझीच हजेरी बुडती. मी कशाला करू?"

"गणित खोटं बोलत नाही, आक्का. उद्यापासून येऊ नका."

सुशीनंही मान डोलावली. कारलं अजून तिच्या डोक्यातच होतं.

*

मी काही घरी गेले नाही. मालकांना जेवणावरून उठवलं, वायरमनला वाटेत धरला आणि दोघांना घेऊन ऑफिसात जाऊन बसले. जावईबापूंनी घाम पुसत एसी लावला. लाईट गेली. बाहेर कुणीतरी जनरेटर चालू केला, तोही उचकी देऊन गप्प.

वायरमन म्हणाला, "ह्यो एसीच दोघांनाबी खाली बसवतोय. संबंध न्हाई कसा? एकाच दाव्याला बांधल्यात."

आता मला काढता येईना, आणि जावयाला बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मालकांनी खोलीभर नजर फिरवली. दारात शेडातलं कुत्रं, टिप्या, पाय पसरून झोपलं होतं.

"वायर कुरतडली असणार," मालक म्हणाले.

"कुणी?" वायरमननं विचारलं.

"टिप्यानं."