अहो, हे अठराशे म्हणतायत

आमच्या इमारतीत कुणाचा फ्रीज गार करेनासा झाला किंवा वॉशिंग मशीन बोंबलायला लागलं, की लोक मेकॅनिकला फोन करण्याआधी तिसरा मजला चढतात. तिथे डाव्या हाताला भावकाकू राहतात. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. काकू भाव सांगतात, खात मात्र नाहीत, असा एक शिळा विनोदही आमच्या जिन्यात अजून चालतो.

बेल वाजवली की काकू दार उघडतात आणि उंबऱ्यातच उभ्या राहून सगळं ऐकून घेतात. मशीन किती वर्षांचं, आवाज कसला येतो, पाणी भरतं का, भरलेलं जातं का. मग क्षणभर डोळे बारीक करतात आणि सांगतात, "पंप तुंबला असेल. येण्याचे तीनशे, साफ करायचे दोनशे. पंपच बदलायला हवा म्हणाला तर पंधराशेच्या वर जाऊ नका. आणि जुना पंप हातात मागून घ्या."

झालं. आपण "थँक्यू, काकू" म्हणायचं आणि खाली उतरायचं. मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहतो. चार वर्षं मीही एवढंच करत आलो.

काकूंचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक होते. उंच उंच इमारतींच्या लिफ्ट ज्याच्या हाताखालून जायच्या, त्याला घरातला मिक्सर म्हणजे किस झाड की पत्ती. इस्त्री, पंखा, गीझर, फ्रीज, काहीही बिघडो, रविवारी सकाळी गृहस्थ जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत वस्तू चालू. सदतीस वर्षांच्या संसारात काकूंच्या दाराची बेल एकाही मेकॅनिकने वाजवली नव्हती. भाजीचा भाव, दुधाचा भाव, शिलाईचा भाव त्यांना तोंडपाठ होता, पण फ्रीजच्या पोटात काय असतं आणि त्याला काय पडतं, हा प्रश्नच कधी आला नव्हता.

यजमान निवृत्त झाले आणि आठव्या महिन्यात गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी फ्रीज बंद पडला.

काकूंनी रस्त्यावरच्या पाटीवरचा नंबर पाहून एकाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत पेटी, बोलणं गोड. आत येता येता त्याने विचारलं, "साहेब घरी नाहीत का?"

"ते गेले," काकू म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

त्याने चेहरा पाडला, फ्रीज भिंतीपासून ओढला, दहा मिनिटं मागे वाकून बसला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, मावशी. साडेसहा हजार होतील. तुमच्याकडून जास्त कशाला घेऊ?" काकूंनी पैसे दिले. वर सरबत दिलं. जाताना जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या.

दोन महिन्यांनी फ्रीज पुन्हा बंद. तो नंबर आता लागतच नव्हता. मग काकू दोन गल्ल्या पलीकडच्या एका लहानशा दुकानात चालत गेल्या. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, अंगाने बारीक आणि इतका कमी बोलणारा, की आजूबाजूचे दुकानदार त्याला घुम्या म्हणतात. तो आला, बॅटरी लावून मागे बघितलं आणि विचारलं, "कॉम्प्रेसर बदललाय म्हणता?"

"दोनच महिने झाले."

त्याने बॅटरी काकूंच्या हातात दिली आणि आत बोट दाखवलं. कॉम्प्रेसरवर बोटभर धूळ होती, नटांवर गंज चढला होता. "हा पहिल्या दिवसापासूनचा आहे," तो म्हणाला. "त्याने फक्त रिले बदललाय. साडेतीनशेचा."

काकू स्टुलावर बसल्या. एकदा जिन्यात मला हे सांगताना त्या म्हणाल्या होत्या, "पैशांचं वाईट वाटलंच, नाही कसं म्हणू? पण त्याहून एका गोष्टीने जीव जळला. त्याने दारातच ओळखलं, की या घरात विचारणारं कुणी उरलं नाही."

त्या दिवसापासून काकूंनी विचारायला सुरुवात केली.

दुपारची भांडी आवरली की त्या फोन घेऊन बसायच्या आणि एकेका दुकानाला फोन लावायच्या. "आमच्या फ्रीजचा थर्मोस्टॅट गेलाय, किती घ्याल?" "मायक्रोवेव्ह फिरतो पण गरम करत नाही, किती होतील?" घरात सगळं धडधाकट चालू असायचं. मायक्रोवेव्ह तर त्यांच्याकडे नव्हताच. एकजण बाराशे सांगायचा, दुसरा अठराशे, तिसरा म्हणायचा घरी येऊन बघतो. काकू विचारायच्या, यायचे किती, आणि काम केलं तर ते बिलातून वजा करता का? कुठला भाग महाग, कुठला स्वस्त, कशाला नुसतीच मजुरी, हे असं एकेक करत त्यांच्या डोक्यात बसत गेलं. कागदावर त्यांनी काही उतरवलं नाही. तशी गरजच नव्हती, दुसरं काही लक्षात ठेवायला होतं कुठे?

एका दुकानदाराने एकदा मध्येच थांबवून विचारलं, "काकू, तुमच्या घरी या महिन्यात सात फ्रीज बिघडले. एवढे ठेवता कुठे हो?"

काकूंना हसू फुटलं. तोही पलीकडून हसला. फोन ठेवल्यावर त्या पुन्हा एकदा हसल्या आणि दचकल्या. घरात किती मोठा आवाज झाला होता!

मग कधीतरी जिन्यात कुणी गीझरचं रडगाणं गात होतं, काकूंनी खर्च सांगितला आणि तो अगदी शंभराच्या फरकाने बरोबर निघाला. तिथून लोक यायला लागले. काकूंची काही ठाम मतं होती आणि ती त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. भाव फोनवरच विचारायचा. माणूस एकदा घरात आला की आपण त्याच्या पाहुणचाराला लागतो, मग जीभ उचलत नाही. काढलेला भाग मागून घ्यायचा. मशीन दुकानात न्यायचं म्हणाला तर चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय हलू द्यायचं नाही. खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, किंवा वस्तू दहा-बारा वर्षं राबली असेल, तर तिच्यावर पैसे ओतायचे नाहीत. "माया करायला माणसं आहेत," असं वर म्हणायच्या.

आणि एकट्या राहणाऱ्या मुलींना आवाज खाली आणून सांगायच्या, "एकटी आहे म्हणून कळू द्यायचं नाही."

त्या स्वतः काय करायच्या, ते मला योगायोगाने कळलं. एकदा जिन्याचा दिवा बदलायला मी त्यांच्या मजल्यावर स्टुलावर उभा होतो. दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी नवीन माणूस गीझर खोलून बसला होता. दारात पुरुषाचे मोठे बूट होते, पॉलिश केलेले. आणि काकू आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत होत्या, "अहो, ऐकलंत का? हे अठराशे म्हणतायत."

मी स्टुलावर तसाच. काकू आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, थोडं थांबल्या, मान हलवली आणि परत येऊन म्हणाल्या, "हे म्हणतात, बाराशेच्या वर द्यायचे नाहीत. कॉइल तेवढ्यालाच मिळते, ह्यांना माहितीय."

माणूस बाराशेवर आला. मी दिवा न बदलताच हळूच खाली उतरलो. घरी येऊन हिला सांगितलं. ही कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "किती वर्षं झाली गं त्यांना जाऊन?" मी विचारलं. "तीन," ही म्हणाली. मग दोघंही त्याबद्दल पुन्हा काही बोललो नाही आणि वर जाऊन काकूंजवळ बसावं, असंही आमच्या मनात आलं नाही. खरं ते सांगतो.

यंदा काकूंचं वॉशिंग मशीन गेलं. एकोणीस वर्षांचं. कपडे पिळायला लागलं की विमान उडाल्यासारखं गर्जायचं, आमच्या छताला हादरे बसायचे. काकूंनी घुम्याला बोलावलं आणि मशीन भिंतीपासून ओढायला हात हवा म्हणून मला वर बोलावलं. म्हणून पुढचं सगळं मी समोर पाहिलं.

घुम्याने मागचा पत्रा उघडला आणि तो उकिडवा बसून राहिला. बराच वेळ काही केलंच नाही. मीही वाकून पाहिलं. आतल्या तारा मेणाच्या दोऱ्याने एकेक करून बांधलेल्या, सगळ्या गाठी सारख्या अंतरावर. प्रत्येक तारेला कागदाची चिकटपट्टी आणि त्यावर बारीक अक्षर: मोटर, टायमर, झाकण. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखांची रांग. कधी पट्टा बदलला, कधी पंप, कधी पाय. शेवटची तारीख यजमान जाण्याच्या दोन महिने आधीची होती.

घुम्याने हाताने ड्रम फिरवून कान लावला. "बेअरिंग गेलंय. गिअरही खाल्लाय."

"किती?"

"पाच हजार दोनशे."

काकू सवयीने आतल्या खोलीकडे वळल्या. मी तिथे आहे हे त्या विसरल्या असाव्यात. "अहो," त्यांनी आवाज दिला, "मेकॅनिक म्हणतायत बेअरिंग गेलंय. पाच हजार दोनशे."

आतून काही आलं नाही. कुठून येणार? काकू उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. मी फरशीकडे बघत होतो. घुम्या मात्र पाना खाली ठेवून शांत बसला होता, समोरच्या माणसाचं बोलणं होईपर्यंत आपण थांबतो तसा. मग त्याने आतल्या खोलीकडे मान वळवली आणि जरा मोठ्याने म्हणाला, "साहेब, काम फार नीट केलंय तुम्ही. वीस वर्षं मशीनं खोलतोय, असं आतून कुणाचं पाहिलं नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. फ्रीजला आलो तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग दर वेळी माझं ते सोंग ऐकून घेत होता? एकदा तरी बोलायचं."

घुम्याने पाना उचलला, फडक्याने पुसला. "तुमचा भाव बरोबर असायचा," तो म्हणाला.

काकू रडता रडता हसल्या. मला उठून जावं की थांबावं कळेना. मी उगाच विचारलं, "मग दुरुस्त करायचं का, काकू? नव्याच्या निम्म्यालाही जात नाही." घुम्या म्हणाला, "मी करून देईन. पण सहा महिन्यांत दुसरं काहीतरी जाईल. खोटं कशाला सांगू?"

काकू पत्र्यापाशी खाली बसल्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी त्या तारखा वरून खाली वाचल्या, ओठ हलवत. एका तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. मशीनशीच बोलत बसले होते." मग उठल्या. "राहू दे. एकोणीस वर्षं झाली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?"

घुम्या म्हणाला, "पत्रा काढून देऊ?"

"नको. मशीन पुरं असलं तर भंगारवाला चार पैसे जास्त देईल. आणि तो पत्रा लावू कुठे मी, भिंतीवर?"

घुम्याने येण्याचे तीनशेसुद्धा घेतले नाहीत. काकूंनी ते जबरदस्तीने त्याच्या पेटीत टाकले. काकूंची मुलगी परगावी असते, तिचा फोन आला होता म्हणे, आई, मी पाठवते पैसे, चांगलं मोठं घे. काकूंनी सगळ्यात लहान घेतलं. नेणारे जुनं मशीन जिन्यातून उतरवत होते, तेव्हा काकू कठड्यावरून वाकून "कोपरा सांभाळा, अहो कोपरा!" असं ओरडत होत्या, जणू ते कुठेतरी राहायला चाललं होतं.

नवीन मशीन कपडे स्वतःच तोलतं. टोपल्यात काय आहे त्यावरून पाणी घेतं. एका माणसाच्या कपड्यांनी ते नीट भरायला आठ दिवस लागतात, असं काकूंनी हिला जिन्यात सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या चादरी देत जा ना गुरुवारी. अर्धंच फिरतं ते." हिने दोन-तीन गुरुवार चादरी वर दिल्या. घडी घालून परत यायच्या, चारही कोपरे जुळवलेले. मग हिची शिफ्ट बदलली, आणि राहूनच गेलं.

परवा मला सुट्टी होती. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कपाटातून दोन चादरी काढल्या, फार मळलेल्या नव्हत्याच, आणि वर जाऊन बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर होता.

"काय बिघडलं?"

"काही नाही, काकू."

त्या थांबल्या. माझ्याकडे, चादरींकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दार धरलेला हात तिथेच राहिला. काही न बिघडता कुणी आलं तर काय म्हणायचं, हे त्यांना पटकन सुचेना.

"बसू का जरा?" मी विचारलं.

"अं? हो, हो. या ना," म्हणत त्या बाजूला झाल्या आणि घाईघाईने खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. मशीन लावलं. अठ्ठेचाळीस मिनिटं, असं त्यावर आकड्यांत दिसत होतं. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघंही ते आकडेच बघत बसलो.