व्हॅनिटीचं छत

आमच्या घरात आरशाभोवती बारा बल्ब आहेत. त्यातले दोन पेटतात. दोनच पेटतात ते बरंय, कारण बाराच्या बारा उजेडात सकाळी सकाळी माझं तोंड बघायची माझीच हिंमत नाही. बायको ते सत्तावीस वर्षं बघतेय, तिला कोणी बक्षीस दिलं नाही.

घर म्हणजे जुनी व्हॅनिटी व्हॅन. शूटिंगच्या जागेवर उभी असते ना मोठी गाडी, नट-नट्या जिच्यात मेकअप करतात, झोपतात, ती. मी तिच्यावर वीस वर्षं अटेंडंट होतो. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. काम काय, तर गाडी झाडायची, पुसायची, आतला संडास चकाचक ठेवायचा आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसायचं. कोणी आलं की सांगायचं, "मॅडम आराम करतायत." हे एक वाक्य मी एवढ्या वेळा बोललोय, तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर वर एखादी खोली मिळाली असती. आणि आत जायचं असेल तर आधी दार वाजवायचं, आतून "हां" आल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. ही सवय हाडात गेली. काशीगावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीचंही दार मी वाजवायचो. बायको आतून म्हणायची, "या. माझा मेकअप झालाय."

मग ती खोली पाडून मालकाने बिल्डिंग काढायला घेतली. त्याच सुमाराला आमच्या शेठने नवीन गाड्या घेतल्या. जुनीचं इंजिन काढून दुसरीकडे बसवलं, वरचा एसी काढून विकला आणि उरलेला डबा भंगारात चालला होता. मी म्हणालो, "शेठ, मी नेऊ?" शेठ म्हणाला, "तू काय करणार?" मी म्हणालो, "वीस वर्षं बाहेर बसलोय, जरा आत बसतो म्हटलं." तो हसला आणि देऊन टाकली. माझ्या आयुष्यातली सगळी कमाई अशीच झालीय, समोरच्याला हसवून.

क्रेनने ओढून गाडी काशीगावातच आणली, एका काकांच्या जागेत. काका तिथलेच जुने, मागे त्यांचा बंद तबेला आहे. तबेल्यातून त्यांनी वायर दिली, नळ दिला. म्हणाले, "ठेव. पण चाकं काढू नको. उद्या पोरांनी जागा विकली तर ढकलायला बरं."

बायको पहिल्या दिवशी आत आली ती चपला काढून. सोफा दाबून बघितला, तो उघडला की पलंग होतो. मग आरशापाशी गेली. आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या होत्या, कितीतरी नट्यांच्या, लाल, काळ्या, खड्याच्या. काम संपलं की बाया टिकली काढून आरशाला लावतात आणि विसरतात. मी म्हणालो, "खरवडून टाकतो." ती म्हणाली, "राहू द्या. कोणाकोणाच्या असतील." झोपताना तिने आपली टिकली काढली आणि त्या रांगेत शेवटी लावली.

गाडी गळत होती. पावसात आरशाच्या वरून पाणी यायचं, भिंतीवरून उतरायचं आणि सोफ्याच्या मागे जिरायचं. मी दुरुस्ती काढली. आता आमच्या धंद्यात दुरुस्ती म्हणजे काय ते सांगतो. उद्या सकाळी सातची शिफ्ट असते आणि भिंतीला ओल आलेली असते. तेव्हा सातला ती दिसता कामा नये, एवढंच. त्यावर वॉलपेपर मारायचा, रूम फ्रेशनर फवारायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचं. मला दुसरं काही येत नव्हतं. पण हे मला फार चांगलं येत होतं.

एका सेटवरचा वॉलपेपर उरला होता, जाड प्लास्टिकचा, पांढऱ्या विटांचा, त्यावर हिरवा वेल. मी तो भिंतीभर मारला, कडा सिलिकॉनने बंद केल्या. छताला एसीच्या जागी चौकोनी भोक होतं, त्यावर पत्रा टाकला आणि पत्र्यावर वाढदिवसाचा एक फ्लेक्स ताणून बांधला. कोणाचा वाढदिवस होता माहीत नाही, पण तो हात जोडून आमच्या डोक्यावर पडून होता. आत आलो, मोगऱ्याचा फवारा मारला आणि बायकोला बोलावलं. ती बघत राहिली. म्हणाली, "रोज फॉरेनला उठायचं आता?"

मी खूश. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो.

तिला आधीपासून थोडा खोकला होता. त्या पावसाळ्यात तो वाढला. आधी बोलताना, मग जिना चढताना. आमच्या घराला तीन पायऱ्यांचा जिना आहे, त्यालाही दम लागायला लागला. मग हसताना. मी काही बोललो की ती हसायची आणि हसण्यातून खोकला सुरू व्हायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हाताने मला गप्प राहायची खूण करायची. मला गप्प बसायचं कोणी शिकवलं नव्हतं. मी अजून एक बोलायचो.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, दमा आहे म्हणाल्या, पंप कसा ओढायचा ते दाखवलं. मग विचारलं, "घरात ओल आहे का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "नाही हो मॅडम. एकदम एसी रूम आहे."

डॉक्टरबाई हसल्या. बायको हसली नाही.

मी खोटं का बोललो हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ओल आहे म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, घर बदला. बदलून जायचं कुठे? शिवाय दिसत तर काही नव्हतं. भिंतीवर पांढऱ्या विटा होत्या आणि हिरवा वेल होता. रिक्षात मी तिला म्हणालो, "जरा जोक केला." ती बाहेर बघत म्हणाली, "हो. कळला."

त्यानंतर मी मोगरा दोनदा मारायला लागलो, सकाळ-संध्याकाळ. वास जाईल, तिला बरं वाटेल, असं मला वाटायचं. ती आडवी झोपेनाशी झाली. तीन उशा पाठीशी लावून बसून झोपायची. आणि खोकला आला की उठून बाहेर जायची, पाण्याच्या ड्रमपाशी. मी विचारलं तर म्हणायची, "पाणी बघून येते." एवढं पाणी कोणी बघत नाही. मला ऐकू जाऊ नये म्हणून ती बाहेर खोकत होती. आणि मला ऐकू येत नाही असं मी दाखवत होतो.

एक दिवस सकाळी ती ड्रमपासून दारापर्यंत येऊ शकली नाही. मधेच जमिनीवर बसली. ओठ काळपट पडले होते. काकांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात तिला वाफेचा मास्क लावला. बेव्हर्ली पार्कातल्या आपल्या फ्लॅटवरून तिची धाकटी बहीण आली. ती आधी गाडीवर जाऊन तिचे कपडे घेऊन आली होती. तिने पिशवीतून एक साडी काढली आणि माझ्या नाकापुढे धरली. कुबट वास, वर मोगरा.

"भाऊजी, तिकडे भिंतीवर हात ठेवलाय कधी?"

"वॉलपेपर आहे ना तिथे."

"म्हणून विचारतेय."

मी म्हणालो, "वास येतो तो तुझ्या..."

"जोक नको," ती म्हणाली. "ताईला मी घेऊन जातेय. भिंत सुकली की सांगा. नाही सुकली तर सांगूच नका. ती माझ्याकडेच राहील."

मी बायकोकडे बघितलं. तोंडावर मास्क होता. तिने डोळे मिटले. नाही म्हणाली नाही.

मी परत आलो. दार वाजवलं. आतून कोणी "हां" म्हणालं नाही आणि मी तसाच उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. काका तबेल्याच्या दारातून बघत होते. म्हणाले, "अरे, आत कोण नाही." मी म्हणालो, "माहितीये."

मग आत जाऊन वॉलपेपरच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढला. एका फटक्यात हातभर आला. मागे भिंत काळी होती. बुरशी, केसाळ, खालून वरपर्यंत. प्लायला बोट लावलं तर बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या खारीत जातं तसं. सिलिकॉन लावून लावून मी पाण्याला बाहेर जायची वाटच ठेवली नव्हती. ती सगळी ओल मी तिच्या उशीमागे कोंडून ठेवली होती आणि वर वेल लावला होता.

सगळं उचकटायला चार दिवस लागले. वॉलपेपर, प्लाय, थर्माकोल, सोफ्याचा फोम, सगळं बाहेर. आतून नुसता पत्रा राहिला. आरसा तेवढा काढून काकांच्या पडवीत ठेवला, टिकल्यांसकट. तेव्हा बघितलं, रांगेत शेवटी तिची टिकली नव्हती. दवाखान्यात कपाळाला होती, आठवलं.

पण भिंत सुकवून काय, पाणी येतच राहणार. कुठून येतं ते मला कळत नव्हतं. तेव्हा मला उत्तनचा म्हातारा आठवला. तिकडे किनाऱ्यावर शूटिंग असलं की आम्ही त्याच्या अंगणात गाडी लावायचो. जातीने ख्रिश्चन, आख्खं आयुष्य होड्या दुरुस्त करण्यात गेलं. मी जाऊन म्हणालो, "अंकल, गाडी गळते."

"मी होडीवाला हाय. गाडीचा मना काय म्हाईत?"

"आमची पण चालत नाही अंकल. होडीच समजा."

आला बिचारा. आत उभं राहून वर बघितलं. मी आरशाच्या जागी बोट दाखवलं, "इथून येतं."

"इथून बाहेर येते. शिरते कुठून?"

"इथूनच ना."

"न्हाय." तो छतावर चढला, या वयात. फ्लेक्स सोडला, पत्रा उचलला. एसीच्या भोकाभोवती बोल्टची भोकं होती, गंजून मोठी झालेली. पाणी तिथून शिरायचं, छताच्या दोन पत्र्यांमधून सरकत सहा हात पुढे जायचं आणि आरशावर उतरायचं. मी अख्खा पावसाळा आरशाला मलम लावत होतो.

"होडीला भोक पडलं तर आतून कागद लावतोस?" अंकलने विचारलं.

"आमच्यात लावतात."

वरच्या भोकातून आत बघितलं त्याने, त्या कोपऱ्यात पडलेल्या तीन उशांकडे, आणि विचारलं, "बाई कुठं हाय तुझी?"

मी सांगितलं. दवाखान्यातल्या जोकसकट सांगितलं. तो हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर हसलं नाही आणि मला बरं वाटलं.

गंज घासून काढायला त्याने मला बसवलं. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घास म्हणाला. खांदे गेले माझे. मग होडीला लावतात तसं फायबर लावलं, कापड अंथरायचं, वर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस, ब्रशने मारायचं, परत कापड. एसीचं भोक, बोल्ट, सगळे सांधे. सगळं बाहेरून. रेझिन होडीच्या उरलेल्या निळ्या सामानातलं होतं, त्यामुळे आमचं छत अर्धं निळं झालं. खिडक्या-दार उघडं टाकून महिनाभर गाडी सुकवली. मी काकांच्या तबेल्यात झोपलो, बैलाची जागा रिकामी होतीच.

पाऊस संपला होता, म्हणजे खात्री करायची तर पाणी आपणच ओतायला हवं. मी तिच्या बहिणीला फोन केला. बायकोच बोलली. मी म्हणालो, "भिंत सुकलीये. पण माझ्यावर विश्वास ठेवू नको. तू ये, आत बस, मी वरून पाणी ओततो. एक थेंब पडला तर परत जा."

ती दुपारी आली. बारीक झाली होती. आत पाय ठेवून उभी राहिली. वेल नाही, विटा नाहीत, नुसता रंग मारलेला पत्रा, नवीन फळीचा पलंग आणि आरसा. तिने भिंतीवर तळहात ठेवला, मग दुसरीकडे, मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

"मोगरा?"

"टाकला."

"बरं." तिने पलंगाखालची स्टीलची थाळी घेतली. "थेंब पडला तर ही वाजवते."

मी शिडीने वर गेलो. काका खालून नळीने बादली भरत होते, मी दोरीने ओढत होतो. पहिली बादली ओतली आणि कान लावला. काही नाही. दुसरी. पाचवी. एसीच्या जागेवर, सांध्यावर, बोल्टवर. आठवी. थाळी वाजली नाही. दहावी झाली आणि आनंद करायच्या ऐवजी मी बादली बाजूला ठेवली. थेंब पडला असेल आणि ती वाजवत नसेल तर? किंवा वाजवायला दमच नसेल तर? ड्रमपाशी बसलेली ती मला दिसायला लागली.

मी शिडीवरून उतरलो तो घसरतच. दारापाशी आलो, हात वर केला वाजवायला. मग बाजूच्या खिडकीतून बघितलं.

ती झोपली होती. आडवी, सपाट, एक उशी डोक्याखाली. थाळी जमिनीवर ठेवलेली. तोंड थोडं उघडं. छाती वर-खाली होत होती, सावकाश. मी मोजून बघितली. पंप उशाशी होता. दमा कुठे गेलेला नाही, तो राहणार, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. या खेपेला मीच त्यांना जाऊन सांगून आलो होतो, ओल होती म्हणून. आरशाच्या कडेला रांगेत शेवटी एक टिकली होती, लाल.

मी हात खाली घेतला. स्टूल आणलं आणि दाराबाहेर बसलो.

काका नळी घेऊन आले. "काय रे, गळतंय का? अजून भरू?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"मॅडम आराम करतायत," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग जाऊन नळ बंद केला.