नाकाखालचे मलम

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी ताई नाकाखाली पुदिन्याचे तेलकट मलम चोपडायची. प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत, प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सरसुद्धा. सूज आणलेल्या उंदराचे पोट उघडले की पिवळट, चिकट पू ओघळायचा आणि त्याचा आंबूस वास तिच्या केसांतून घरापर्यंत यायचा. त्या घाणीतून रोगाशी झुंजणाऱ्या पेशी निवडून काढायच्या, हे तिचे काम.

सूज आली की या पेशी मेदाम्ले, म्हणजे चरबीचेच घटक, जाळतात आणि त्या जोरावर जंतू मारतात. हा जाळ एक एन्झाइम पेटवते, असा सरांचा संशय. म्हणून काही उंदीर त्या एन्झाइमाविनाच जन्माला घातले होते. संशय खरा असेल तर त्यांच्या पेशींत चरबी न जळता साचायला हवी.

घरी ताईच्या ताटात तळलेले काही पडले की ती ताट सारून उठायची.

"वहिनी, उंदरांनी तुझी अन्नाशी काडीमोड करून दिली बघ," नणंद म्हणायची.

"उंदरांची एवढी खेप होऊ दे. मग सुटले मी."

खेप संपली की तिची बदली कोठारात होणार होती. तिथे खोकी, बाटल्या, धूळ. धुळीला वास असला तरी तो मेलेल्याचा नसतो.

चरबी मोजणाऱ्या यंत्रातून निकाल आले ते विचित्र. एन्झाइम असलेले आणि नसलेले, सगळ्या उंदरांच्या पेशी भरलेल्या नळ्यांत सारखीच चरबी. इतकेच काय, जिच्यात उंदराचे काहीच नव्हते, त्या कोऱ्या नळीतही चरबी.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "दुरुस्तीवाला बघेल. तुमचं काम झालं, ताई. उद्यापासून कोठारात."

ताईने घसरलेला मास्क सवयीने वर सारला. बोटाकडे लक्ष गेले. हातमोज्याच्या टोकावर तुकतुकीत ठिपका होता. याच बोटाने ती नळ्यांची झाकणे लावायची. तिने तो हुंगला. पुदिना. इतके दिवस ज्या वासाच्या आडोशाला ती उभी होती, त्याचीच तिला शिसारी आली.

ती गप्प राहिली असती तरी चालले असते.

"सर, यंत्र ठीक आहे. माझं मलम नळ्यांत गेलंय."

सरांनी कपाळ चोळले. "म्हणजे सगळे उंदीर पुन्हा?"

"पुन्हा."

"आणि बदली?"

"खेप संपल्यावर म्हणाला होतात ना? संपली कुठे?"

या वेळी नाकाखाली मलम नाही. पहिले पोट फाडले आणि ती मोरीकडे धावली. आतडी पिळवटून ओकली, चूळ भरली, नवे हातमोजे चढवले, परत आली. असे रोजच झाले.

अखेर कोरी नळी कोरी निघाली. एन्झाइम नसलेल्या पेशी मात्र चरबीने टच्च भरल्या होत्या.

"ताई, बघा तरी," सरांनी पडद्याकडे बोलावले.

ते फुगीर, पिवळे थेंब तिला बघवेनात.

"छान झालं, सर," ती दारातूनच म्हणाली. "कोठाराची किल्ली कुणाकडे असते?"